भाचीची दाढ आणि माझी भूल

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
ताईचा फोन. चिंगीची दुधाची दाढ किडलीय, दोन दिवस एकाच बाजूने जेवतेय. वय वर्षं सहा. सख्खा मामा डेंटिस्ट असताना पोरीची ही दशा! उद्या अकराला बोलावलं. अर्ध्या तासाचं काम.

क्लिनिकमधली माझी ज्युनियर डॉक्टर म्हणाली, मुलगी घाबरत असेल तर लाफिंग गॅस देऊ. नाकावर मास्क ठेवला की मूल जागं राहतं, पण शांत होतं. ते मशीन तिच्याच हट्टापायी घेतलंय. मी त्यावर ॲप्रन टांगतो. तिला सांगितलं, एकवीस वर्षं मुलं माझ्या नुसत्या गप्पांनी शांत होतायत. ती पुढच्या पेशंटला बोलवायला गेली. पटलं असावं.

४ मार्च, मंगळवार. दुपारी १२.३०
चिंगी खुर्चीत शहाण्यासारखी बसली. मी इंजेक्शन पाठीमागे धरलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं. घाबरू नकोस, फक्त मुंगी चावेल.

तिने विचारलं, कुठे. म्हटलं, हिरडीला. तिने विचारलं, लाल की काळी. हसवावं म्हणून म्हणालो, लाल.

पुढची पंचवीस मिनिटं ती खुर्चीखाली होती. पोरीच्या तोंडात मुंग्या सोडतोस का, म्हणून ताईने सगळ्यांदेखत झापलं. वेटिंग रूममधल्या दोन आया आपापली मुलं घेऊन निघून गेल्या. दोघींनाही एकदमच काहीतरी काम आठवलं असेल.

निश्चय: मुंगी बंद. यापुढे डास.

५ मार्च, बुधवार
डास म्हणून पाहिलं. चिंगी चावली. माझ्या तर्जनीवर चार दातांचे ठसे. खालचे पुढचे दोन नवीन दात चांगले मजबूत आलेत, तशी तिच्या कार्डावर नोंद केली.

७ मार्च, शुक्रवार
हिरडी सुजली, पू झालाय. औषध सुरू केलं, पण दाढ काढावीच लागणार. चिंगीला झोप नाही. ताई फोनवर रडली. मला फार वाईट वाटलं. मग ती म्हणाली, तुझ्या ज्युनियरला विचारून बघू का. हे जास्त लागलं.

गॅसला हो म्हटलं तर ज्युनियर उद्यापासून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटेल. म्हणून सिरप. सोमवारी भूलतज्ज्ञ बाई येतील, वजन करून गुंगीचं औषध पाजतील, शेजारी बसून लक्ष ठेवतील. अट एकच, सहा तास पोटात काही नको. ताईला तीनतीनदा बजावलं. ती फार विसराळू आहे.

१० मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
चिंगी वेळेवर आली, उपाशी. माझ्याकडे बघायलाही तयार नाही. आधी पोरीला आपलंसं करायला हवं. ड्रॉवरमध्ये क्रीमची बिस्किटं होती.

९.५५
भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का. चिंगीने खरं सांगितलं. मामाने दिलं. दोन.

१०.०५
सगळं रद्द. बाईंनी बॅग उचलली. जाताना म्हणाल्या, इतकी वर्षं मी भूल देतेय, पण एवढी मोठी भूल पहिल्यांदाच बघतेय. कोट्या करायची ही वेळ होती का?

ताई चिंगीचा हात धरून सरळ निघाली. तिने झापलं असतं तर बरं झालं असतं. चिंगीने ती बिस्किटं चावली नव्हती, नुसती गालात धरून विरघळवली होती. ते आठवून जीव तुटतोय. आणि चीडही येतेय. कोणाची ते कळत नाही.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ११.२०
शेवटी गॅसचा निर्णय मी घेतला. ताईने सांगितल्यावर लगेच घेतला.

ज्युनियरने मास्क आधी स्वतःच्या नाकाला लावून दाखवला. इंजेक्शनला इंजेक्शनच म्हणाली, थोडं टोचेल म्हणाली. ही काय पद्धत झाली? चिंगी मात्र तयार. तिची एकच अट, मामाने बाहेर बसायचं. मला वाटलं चेष्टा. ताईने दार लावून घेतलं.

११.५०
दाढ निघाली. रडणं नाही, ओरडणं नाही. मी दाराला कान लावून होतो, आत चक्क हसण्याचे आवाज. चिंगी बाहेर आली आणि कापसाचा बोळा दाताखाली धरूनच मला म्हणाली, सुईची भीती मला वाटतच नव्हती. पुढे काही बोलणार होती, ताईने तिला दटावलं.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६
सूज पूर्ण उतरली. चिंगी पोटभर जेवतेय. देव पावला.

रिसेप्शनिस्टने मुलांच्या अपॉइंटमेंट घेताना फोनवर पर्याय विचारायला सुरुवात केलीय. लाफिंग गॅस देऊ, गुंगीचं सिरप देऊ, की मोठे डॉक्टर बाहेर बसवू? मला न विचारता. आज पाच मुलं झाली. गॅस लागला नाही, सिरप लागलं नाही. मी सकाळपासून वेटिंग रूममध्ये.