कौसाबाईंच्या चुलीपुढे

पाली, रविवार संध्याकाळ, डिसेंबर १९९६

मी आणि हे आलो होतो विश्रांतीला. पेपरातली जाहिरात वाचून, शेतावर मुक्काम आणि सकाळची न्याहारी. दुपारी मालकीण कौसाबाई घाईघाईने आल्या. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या.

"ताई, आमी दोघं बीडला निघालोत. मुंबईचे पाव्हणे येतेत, तेवढ्या चार भाकरी टाका त्यान्ला."

नाही कसं म्हणणार? पण मी पुण्याची, बँकेत नोकरी, घरी पोळ्यांना बाई. पहिली भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर मोडली. धुराने डोळे लाल, पदर खोचलेला, कपाळाला पीठ. हे म्हणाले, "बिस्किटं देऊ या का?" पुढच्या जाड झाल्या, पण अखंड.

पाहुणे नवरा-बायको जेवायला बसले. त्यांनी मला घरचीच समजलं आणि मी, का कोण जाणे, तशीच भाकरी वाढत राहिले. गृहस्थ म्हणाले, "ही खरी खेड्यातली चव. शहरात अशी भाकरी मिळत नाही." असली जाड भाकरी, आणि खरी चव? ह्यांना ठसका लागला.

बाईंनी मायेने विचारलं, "मावशी, कधी शहर पाहिलंय का?"

"न्हाई," मी म्हटलं. कुठून आलं तोंडात?

आताच निरोप आला. कौसाबाईंना नात झाली, त्या परवा येणार. आणि मुंबईच्या बाईंना उद्या माझ्याकडून भाकरी शिकायची आहे. मी हो म्हणून बसलेय.

हे विचारतात, "मग मी कोण?"

म्हटलं, तुम्ही मालक. पहाटे म्हशीची धार काढायची आहे.