तारा कुठे चिकटवल्या

कांचघर, जबलपूर
मंगळवार

प्रिय वैभवी,

तू आठवडाभर आईच्या तब्येतीचं विचारून राहिलीस आणि मी आता लिहितोय, रागावू नकोस. तुझा फोन आला की मी तो मुद्दाम तुझ्या आईच्या हातात देतो. मी आठवीपर्यंत शिकलेला, चुकलंमाकलं समजून घे.

दिवाळीत तुझं काम समजवायला तू दोन पळ्या एकीखाली एक बांधून झुलवल्या होत्यास. खालची वेड्यासारखी फिरायला लागली. तू म्हणालीस, पुढचा झोका कोणीच सांगू शकत नाही, पण आवरता येतो. सगळीकडून धरायची गरज नाही. कुठे ऐकायचं आणि कुठे बोट लावायचं, एवढ्या जागा नीट पाहिजेत. ऐकायची जागा चुकली की बोटही चुकतं. एवढ्यासाठी तुला पगार देतात का, म्हणून मी हसलो होतो.

आता आईचं काळीज तसं बेताल झालंय. डॉक्टरांनी छातीवर तारा चिकटवून एक दिवस-रात्र ठोक्यांची नोंद घेणारी डबी कमरेला बांधून दिली. नेमकी दुसऱ्या दिवशी अमावस्या. नर्मदास्नान ती चुकवते होय? ग्वारीघाटावर आडोशाला बेबीमावशीने तारा काढल्या, आंघोळीनंतर आठवेल तशा पुन्हा लावल्या. तिथेच आईने माझ्या ओंजळीत पाणी देऊन शपथ घातली, हे तोंडातून काढायचं नाही. म्हणाली, पुन्हा त्या तारा लावणाऱ्या परक्या पोरासमोर छाती उघडी करून बसणार नाही. मला वाटलं, एवढ्याने काय होते.

काल डॉक्टर म्हणाले, त्या नोंदीवरून जागा ठरली, गुरुवारी यंत्र बसवू. त्याची तार काळजाचं ऐकणार आणि तीच धक्का देणार. जागाच खोटी निघाली तर? थांबवावं तर तेही भय. काल पोळी लाटता लाटता तिचे डोळे फिरले. शुद्धीवर आल्यावर मलाच बोलली, तव्यावरची काहून जळू दिली म्हणून.

शपथ तोंडाची होती. नर्मदामैया साक्षी आहे, मी डॉक्टरांपुढे की फोनवर अवाक्षर काढलं नाही. हाताने लिहू नये असं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून हा कागद. यातही पाप असेल तर ते माझ्या माथी. तू डॉक्टरांना सांग, नोंद पुन्हा घ्या, आणि तारा लावायला बाई द्या. शेजारची मेघना याचा फोटो काढून तुला पाठवते आहे. वाचलंस एवढं तरी लगेच कळव, पोरी. गुरुवार फार जवळ आहे.

तुझाच,
बाबा