फाटकावरचा सूर

१५ एप्रिल
फाटकाची घंटी आज पुन्हा अडखळली! अर्धी ओळ, मग नुसती घरघर. यांनी बसवलेली चिप. जुन्या चिपची आठवण विरत जाते म्हणे. हे गेले, आता तीही चालली. त्याआधी आतला प्रोग्राम दुसऱ्या चिपवर उतरवायला हवा.

अभिमन्यूचा पुण्याहून सल्ला — "आई, नवी बेल पाठवतो ना!" फोन ठेवून दिला.

१८ एप्रिल
अंबाजोगाईच्या भंगारात तसल्याच चिपा मिळाल्या, पाठीवर काचेची खिडकी असलेल्या. खिडकीतून ऊन गेलं की जुना प्रोग्राम पुसला जातो, मग नवा लिहायचा. पुसण्यासाठीचा खास दिवा मला परवडत नाही. घाटनांदूरचं ऊन फुकट! गच्चीवर कुरडयांशेजारी ताट मांडलं.

धाकटी जाऊ वनमाला हसून हसून लोळली. "आक्का, ह्ये चिप्स कधी तळायचे?"

यांची चिप कपाटात ठेवली. ऊन लागू नये म्हणून यांनी खिडकीवर लावलेली काळी पट्टी तशीच आहे. आधी भंगारावर हात बसू दे.

२० एप्रिल
घंटीची धून माझ्या कॉन्व्हेंटची, सकाळच्या प्रार्थनेची. मी गुणगुणायची, यांनी ऐकून चिपमध्ये घातली. इंग्रजी पुस्तक मी वाचून सांगायची, तारा हे जोडायचे. एक सूर चुकवलाच. "अहो, चुकलं!" — "तुज्या शाळंत तसं आसंल. आपल्या फाटकावर आसंच वाजंल."

२१ एप्रिल
उद्या लातूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग बहिणीकडे विश्रांती. वनमालाला सांगितलं — ताट रोज उन्हात ठेव.

४ मे
परत आले. ताटात एक चिप जास्त!

"कपाटात एक ऱ्हायली व्हती, आक्का. काळी पट्टी सोलली, काच घासली, ठिवली. लई कडक ऊन दिलं बगा!" तोंडावर केवढी फुशारकी!

संगणकाला जोडून वाचली. कोरी. पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत कोरी.

म्हटलं, "तू यांना दुसऱ्यांदा जाळलंस."

ती जिना उतरली. मला वाईट वाटलं नाही.

७ मे
कुरडयांचा डबा दाराशी ठेवून गेली. उघडला नाही.

१० मे
धून स्वतः लिहिली, चिपवर चढवली. वाजली — स्वच्छ, बिनचूक. सिस्टर खूश झाल्या असत्या!

पण यांचा चुकलेला सूर कुठला? पहिल्या ओळीत, की दुसऱ्या? मी जन्मभर दुरुस्त करत राहिले, आता चूक आठवतच नाही. घसा आपोआप बरोबरच जातो. मेली ती शाळा!

११ मे
गच्चीवर वनमाला ताटं आवरताना गुणगुणत होती. कॉन्व्हेंटची धून तिला काय ठाऊक — तिने ऐकली ती आमची घंटीच. दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर घसरला. तोच!

पेन घेऊन जिना चढले. "वनमाला, परत म्हण बाई."