फाटकावरील क्रीडापेयांचा तक्ता उतरवणेबाबत

प्रति,
मा. क्रीडाधिकारी,
सार्वजनिक क्रीडांगण कार्यालय.

विषय : चार क्रीडापेयांच्या तुलनेचा तक्ता तातडीने काढून टाकणेबाबत.
संदर्भ : ‘तक्रार आल्याशिवाय लावलेला तक्ता काढता येत नाही’ हे आपल्या कार्यालयाचे तोंडी उत्तर.

महोदय,

सदर अर्जदार आहारतज्ज्ञ असून आपल्याच सांगण्यावरून त्याने उपरोक्त तक्ता करून दिला. साखर, मीठ, पोटॅशियम, कॅफीन असे रकाने पाडून, सर्वाधिक साखर व मीठ असलेल्या पेयास त्याने पहिला क्रमांक दिला. तासन्‌तास घाम गाळणाऱ्या धावपटूंसाठी ते योग्यच होते. मात्र ‘फक्त धावपटूंसाठी’ हे शब्द, तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून, अर्जदाराने गाळले.

२. अर्जदाराची थोरली बहीण रोज संध्याकाळी मैदानाला दोन फेऱ्या मारते. तिला मधुमेह व रक्तदाब आहे. फेऱ्या झाल्या की ती पहिल्या क्रमांकाची बाटली संपवू लागली. अर्जदाराच्या पत्नीने हटकले, तर म्हणाली, “माझ्या भावाची सही आहे त्याखाली.” गेल्या आठवड्यात ती मैदानावरच चक्कर येऊन पडली. रक्तातली साखर भलतीच चढली होती. “रोज काय पीत होता?” असे डॉक्टरांनी विचारले असता ताई म्हणाली, “घरचंच सरबत. जरा गोड झालं असेल.” अर्जदार उशाशीच उभा होता. ती झोपल्यावर त्याने डॉक्टरांना गाठून खरे काय ते सांगितले. ताई आता घरी सुखरूप आहे व अर्जदाराला ‘जेवलास का?’ असे विचारते, हे त्याला अधिक जड जाते.

३. आपल्याकडे तक्रार नसल्यास प्रस्तुत अर्ज हीच तक्रार समजावी. तक्रारदार व ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो इसम एकच असल्याने चौकशीस वेळ लागू नये.

४. तोवर अर्जदार रोज संध्याकाळी फाटकाशी उभा राहून फिरायला येणाऱ्यांना साधे पाणी पिण्यास सांगतो. काल एका आजोबांनी बाटली उघडता उघडता तक्त्याकडे बोट दाखवले व म्हणाले, “तज्ज्ञांनी लिहिलंय ते. तुम्ही कोण सांगणारे?” तो तज्ज्ञ मीच, हे अर्जदाराच्याने सांगवले नाही. आजोबांनी बाटली रिकामी केली.

तरी तक्ता आजच उतरवावा, ही हात जोडून विनंती.

आपला खजील,
(सही)
तक्त्याखाली सही असलेला आहारतज्ज्ञ
दिनांक : १२ मे

सोबत : दुरुस्त तक्ता. त्यात ‘कोणी पिऊ नये’ हा रकाना पहिला आहे.