चाळीस जणांच्या रश्श्याला मावशी किती

तीर्थस्वरूप मावशीला,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण खानावळीच्या गल्ल्यामागे सध्या संगणक उघडा पडला आहे, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? इथे सगळे ठीक. (सगळे म्हणजे आई आणि मी. तू घर सोडून गेल्यापासून मोजायला वेळ लागत नाही.)

शेजारच्या छापखान्याने चाळीस जणांचं दुपारचं जेवण सोमवारपासून आठवडाभर आपल्याकडे लावलं आहे. चव पसंत पडली तर कायमचं, नाही तर कोपऱ्यावरचा हॉटेलवाला टपूनच बसलाय. आणि आईच्या रश्श्याला हल्ली रोज वेगळी चव येते. म्हणून म्हटलं, पाककृती संगणकात घालू, प्रमाण तरी पक्कं होईल. संगणक जुना, त्यावर मी लिनक्स प्रणाली घातलेली. पाककृतींचा प्रोग्राम फुकट मिळाला. (फुकटच्या गोष्टीला किती नातेवाईक असतात, ते बसवताना कळतं.) त्याला चालायला एक पॅकेज, म्हणजे जोडीचा प्रोग्राम, हवं होतं, त्या पॅकेजला दुसरं, दुसरं आलं तर ते फार नवं निघालं आणि जुन्या आवृत्तीशिवाय पहिलं जागचं हलेना. आई कांदा चिरता चिरता मागे येऊन म्हणाली, "एवढी माणसं जमवलीस, अजून चूल पेटली नाही?" पेटली, पण संध्याकाळी.

मग प्रमाणं. ग्रॅम, लिटर, चमचा ही मापं आईला मान्य नाहीत. शेवटी मी 'जरा' नावाचं नवं माप तयार केलं; प्रोग्रामने ते निमूट घेतलं. चार जणांच्या रश्श्याला तिखट दोन जरा. चाळिसांचं विचारल्यावर त्याने वीस जरा सांगितलं. आईने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जास्त होतंय. सतरा कर." (केलं. वाद घालायला माझ्याकडे आधार नव्हता.)

अडलं ते कृतीवर. कांदा परतायचा, बटाटे टाकायचे, पाणी ओतायचं, इथवर आई घडाघडा बोलली. मग? "मग तुझी मावशी चव घ्यायची आणि काहीतरी टाकायची." काय? "मला काय ठाऊक? मी भात बघत असायचे." कुठलाही पदार्थ घे, शेवटची पायरी हीच. तुमचं कशावरून बिनसलं ते मी विचारलेलं नाही. पण दोघींना स्वयंपाक अर्धा अर्धा येत असताना भांडण मात्र पूर्ण करायचं, हे मला तांत्रिकदृष्ट्या धाडसाचं वाटतं. नोंद अपुरी राहू नये म्हणून मी साहित्यात 'मावशी' लिहिलं, प्रमाण एक. चाळिसांसाठी प्रोग्रामने हिशेब केला: मावशी, दहा.

आईने पडद्यावर वाकून वाचलं. "दहा," ती म्हणाली. "मला एक सांभाळता आली नाही." आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

बाकी क्षेम. लोभ आहेच; तो वाढवण्याची विनंती करण्याची मला सवय नाही.

तुझी भाची

ता. क. शेवटच्या पायऱ्या लिहून पाठव, एवढंच काम होतं.

ता. क. २. लिहू नकोस. तूही 'अंदाजाने' असंच लिहिशील. रविवारी सकाळी ये, एकदा करून दाखव.

ता. क. ३. आईने पत्र वाचलं. रविवारी नको, शनिवारी ये म्हणते, म्हणजे राहता येईल. तिने बोलावलं हे तुला कळता कामा नये, असं तिने बजावलं आहे. तेव्हा हा ता. क. तू वाचलेला नाहीस.