दुसऱ्या पायलटची जागा

९ एप्रिल

लिहीन लिहीन म्हणत संक्रांतीपासून ही वही कोरीच ठेवली. पहिल्या पानावर नाव टाकलं, बाजूला एक फूल काढलं, झालं! माझं सगळंच असं — बारावी अर्धी, टायपिंग अर्धं, संभाजीनगरचा पार्लरचा कोर्स तर थ्रेडिंगपर्यंतच. तिथून राजूरला घरी जायचं, ते मधेच जालन्याला नरहर काकांकडे उतरले. दोन दिवस म्हणून.

काका रिटायर झालेत. आज त्यांनी कपाटावरून एक विमान खाली काढलं. प्लास्टिकचं, वीतभर, वर-खाली दोन पंखांचं. लहानपणी त्यांनी आणि पप्पांनी मिळून सुटे भाग चिकटवून बनवलेलं. जागोजागी डिंकाचे पिवळे ओघळ, वरचा पंख तिरका, एक चाक चक्क उलटं.

"हे सगळं सोडवायचं अन् परत बराबर जोडायचं," काका म्हणाले. "माझे हात थरथरून राह्यलेत. तू करतीस का?"

हो म्हणाले. हो म्हणायला मला काहीच लागत नाही.

१० एप्रिल

विमल काकू — "पोरं-नातवंडं झाली, आता विमानं उडवा!" काका चष्मा लावून, पेपर पसरून माझी वाट बघत बसले होते. मी शेजारच्या पोरीला मेंदी काढत बसले. उद्या नक्की.

१२ एप्रिल

घात केला मी!

पार्लरमध्ये नकली नखं रिमूव्हरनं सुटतात. मग हा डिंक का नाही सुटणार? कापूस भिजवला, खालच्या पंखाच्या टोकावर दाबून धरला. डिंक तसाच आणि पंखच विरघळला! कापूस उचलला तर प्लास्टिकची तार लांबत आली, चीजसारखी.

काकांना दाखवायची हिंमत होईना. पण लपवणार कुठं? दाखवलं. बराच वेळ पंख फिरवून फिरवून बघितला त्यांनी. मग म्हणाले, "बिलकुल बद्री! तोही असाच. आधी हात, मंग डोकं."

बद्री म्हणजे माझे पप्पा. काकांच्या तोंडून त्यांचं नाव किती वर्षांनी ऐकलं! दोघं बोलत नाहीत. काकांच्या मुलीच्या, श्रद्धाताईच्या लग्नापासून.

रागावले की काय तेच कळलं नाही. हसल्यासारखे दिसले.

१३ एप्रिल

मोबाईलवर बघितलं. जोड दोन जातीचे. मागाहून डागडुजी केलेले फेविक्विकचे — ते गार झाले की तडकतात. आणि मूळ विमानासोबतच्या डिंकाच्या ट्यूबनं लावलेले — त्यात प्लास्टिकच वितळून एक झालेलं असतं. ते सुटत नाहीत, कापावे लागतात.

म्हणून विमान डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. दुपारी काकूकडं भिशीच्या बायका आल्या. काकू आत ओरडत आली, "सरबताला बर्फ काढायला गेले तं विमान! काय सांगू त्यांना, आमच्याकडं एअरपोर्ट निघालं म्हणून?"

संध्याकाळी बाहेर काढलं. उलट्या चाकाला जरासा पीळ दिला — टक! काकांनी टाळी वाजवली. एवढा मोठा माणूस!

१५ एप्रिल

काही केलं नाही. जालन्यातली मैत्रीण म्हणाली चल, तर तिच्या स्कूटीवर पार कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेले. एवढ्या उन्हात! खरबूज खाल्लं, बांगड्या बघितल्या, एक टोपली घेतली. कशाला, माहीत नाही.

परत आले तर हॉलमध्ये पेपर तसाच पसरलेला. उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या. काका टोपलीकडं बघून वाट्या गोळा करायला लागले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१६ एप्रिल

दोरा! भुवया कोरायचा दोरा!

सकाळी उठल्या उठल्या सुचलं. एक टोक दातात, एक हातात, मधला दोरा सांध्यात घालायचा आणि पुढंमागं, पुढंमागं ओढायचा. पांढरा भुगा पडतो. दोरा तुटतो, नवा घ्यायचा. पंख सुटले, पंखांमधल्या दांड्या सुटल्या. मग पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण सुटलं, आणि दुपारपर्यंत विमानाचं धडसुद्धा उभं दोन भागांत!

काका बघतच राहिले. "हे कुठं शिकलीस?"

"बायकांच्या अप्परलिप्स करताना."

काकू इतकी हसली की पोळी करपली.

धडाच्या आत दोन खुर्च्या. एकीत नखाएवढा पायलट. दुसरी रिकामी. दुसरा कुठंय विचारलं.

"बद्रीनं घाई केली," काका म्हणाले. "तो बसवायच्या आधीच झाकण चिकटवून मोकळा! मंग ठेवला काडेपेटीत. घरं वेगळी झाली तेव्हा विमान माझ्याकडं आलं, काडेपेटी त्याच्या ट्रंकेत गेली."

१७ एप्रिल

झाकणावर अंगठ्याचा ठसा आहे. डिंकाच्या हातानं दाबलं, तेवढं प्लास्टिक मऊ झालं आणि ठसा कायमचा बसला. रेष न् रेष दिसते. माझ्या करंगळीएवढा अंगठा.

टूथपेस्ट लावून घासलं की असले डाग जातात, म्हणून घासायला घेतलं. तर काकांनी माझा हातच धरला.

"राहू दे ते."

"पण काका, खराब दिसतंय—"

"राहू दे म्हणलं न! आठ वर्षांचा होता तो."

मग आपणहूनच बोलायला लागले. श्रद्धाताईच्या लग्नपत्रिकेत सगळ्या काका-मामांची नावं होती, एक पप्पांचं सोडून. काका लोकांना सांगायचे, छापणाऱ्याची चूक. पप्पा म्हणायचे, छापायच्या आधी तपासायला दादाच गेल्ते न? लग्नाला आले नाहीत. एका घरचे, आणि पुन्हा कधी उंबऱ्यात आले नाहीत.

"खरं सांगू का गंधा," काका म्हणाले, "त्या दिवशी मीच घाई केली. नीट वाचलंच न्हाई. त्याचं नाव असणारच, असं धरून चाल्लो."

"हे पप्पांना सांगितलं?"

"मोठा आहे मी त्याच्याहून. कसं सांगू?"

काय हे! दोघांचे मिळून एवढे केस पांढरे झाले!

१८ एप्रिल

पप्पांना सुट्या विमानाचा फोटो पाठवला. वर काही लिहिलं नाही.

तासाभरानं व्हॉइस मेसेज आला. मागे दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका. "गंधे, वरचा पंख आधी लावायचा न्हाई. आधी दांड्या. अन् ते चाक मी उलटं लावल्तं, सरळ कर."

काकांचं नाव नाही. मी तिथं आहे कशी, तेही विचारलं नाही!

२० एप्रिल

पप्पांचे मेसेज येऊनच राह्यले. रंग कोणता, शेपूट किती वाकवायची. मी मुद्दाम मोठ्या आवाजात लावते. काका खुर्चीत, पेपर तोंडासमोर. आज मेसेज लावला तर उठले आणि फॅनच बंद केला. बेचाळीस डिग्रीत! काकू आतून ओरडली. तर म्हणे, "आवाज करतो तो फॅन."

मेसेज संपला तसा फॅन परत लावला.

मी म्हणाले, "काही सांगायचंय का पप्पांना?"

"मी कशाला?" मग थोड्या वेळानं — "शेपटीचं बराबर सांगितलं त्यानं."

२२ एप्रिल

सगळं जोडून झालं. वितळलेल्या टोकाला काकांनी पॉलिश पेपर मारायला लावला, आता कळतसुद्धा नाही. पंख सरळ. चाक सरळ. फक्त झाकण राहिलंय. ते एकदा लागलं की दुसरी खुर्ची आत गेली, कायमची.

पप्पांना विचारलं — काडेपेटी आहे का अजून? निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दिवसभर नाही.

"लावून टाक," काका म्हणाले. "एक तं आहे न बसलेला."

मी म्हणाले, डिंकाची ट्यूब सापडत नाही. ट्यूब माझ्याच खिशात होती.

२३ एप्रिल

आजही काही नाही. उगाच विचारलं का? पंख आणि शेपटीवर तरी बोलत होते, तेही बंद झालं.

नाशिकची मैत्रीण म्हणते, हॉटेलात रिसेप्शनला जागा आहे, ये. माझे पाय वळवळायला लागलेच! उद्या सकाळी झाकण लावते आणि एसटी धरते. काकूनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. काका लवकर झोपायला गेले.

पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण करतेय, आणि करू नये असं वाटतंय.

२४ एप्रिल

सकाळ. बॅग दारात. ट्यूबचं टोपण काढलं, झाकण उचललं — आणि गेटची कडी वाजली.

पप्पा! चालतं दुकान बंद करून! गेटाबाहेरच उभे, मुठीत काडेपेटी. तिथूनच ओरडले, "गंधे, झाकण लावलं का गं?"

ट्यूबला टोपण घातलं आणि मी आतल्या खोलीत पळाले. इथूनच लिहून राह्यले. पप्पांच्या चपला पायरीवर वाजल्या.

काकांनी हॉलमधला फॅन बंद केलाय.