पाइप नसलेली भिंत

९ फेब्रुवारी, सोमवार

एक भिंत गरम का असावी? दिवसभर डोक्यात एवढंच.

सकाळी सातला त्या जुन्या दुमजली घराची तपासणी होती. विकणारे आजोबा एकटेच राहतात. मुलगी लांबच्या शहरात, आता तिच्याकडे जायचं म्हणून घर विकतायत. घेणारी बँकेत कामाला आहे, नवरा गाडी चालवायला शिकवतो. मला बोलावलं घेणाऱ्यांनी, म्हणजे मी त्यांच्या बाजूची. हे मी विकणाऱ्याला दारातच सांगून टाकते. आजोबा म्हणाले, "बघा की. झाकायला आहे काय माझ्याकडे!"

आजोबा निवृत्त प्लंबर. नळकाम बघून मी गपगार! एक सांधा वाकडा नाही. प्रत्येक व्हॉल्व्हला तारेनं बांधलेली पत्र्याची चकती, त्यावर खिळ्यानं कोरलेलं: 'मोरी', 'टाकी', 'बाग'. चोवीस वर्षं साइटवर काढली, आता तीन वर्षं लोकांची घरं तपासतेय. असं काम पाहिलं नाही.

मग मागची खोली. भिंतीला टेकवून एक खुर्ची, पाठीला उशी. मी भिंतीवरून हात फिरवला तर गरम! खोलीत हाताला कापरं भरेल इतकी थंडी आणि भिंत मांजराच्या पोटासारखी ऊबदार.

"आजोबा, ही भिंत—"

"गरम पाण्याचा पाइप जातो आतून." माझं वाक्य संपायच्या आधीच उत्तर.

आता गंमत अशी, की गीझर वरच्या मजल्यावर, घराच्या दुसऱ्या टोकाला. सगळ्या पाइपांचा माग मी काढून आले होते. तिथून पाइप जातच नाही. आणि हे त्यांच्याहून चांगलं कुणाला माहीत असणार?

लपवणाऱ्याचा चेहरा मला कळतो. कुठंतरी पाणी मुरतंय आणि म्हातारा झाकतोय. वाईट वाटलं. इतका चांगला कारागीर!

आमचे हे म्हणाले, "तुला सगळीकडे चोरच दिसतात." आमच्या मोरीतला नळ महिनाभर ठिबकतोय, तो आधी दिसू दे म्हणाले. बोलायची सोय नाही.

१० फेब्रुवारी

नवा फ्लॅट, आठवा मजला. एकोणीस फरशा पोकळ. बाल्कनीचा उतार उलटा, पाणी घरात येणार. साइटवरचा माणूस म्हणतो, "मॅडम, फरशी ठोकून कुणी बघतं का?"

मी बघते!

आजोबांना फोन केला. गुरुवारी परत येते म्हटलं, कॅमेरा घेऊन. "पाइपच आहे हो," म्हणाले. मग "या."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नीट लिहिते.

पहाटेच गेले. उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंत गार असताना चांगलं दाखवतो. मागच्या खोलीत उभी राहून चालू केला. भिंत सतरा अंश, निळीशार. आणि त्या निळ्यात मधोमध नारिंगी डाग. उभा, लांबट, माझ्या खांद्याइतका उंच. अठ्ठावीस अंश! पाइप फुटला असता तर डाग खाली ओघळला असता. हा ओघळत नव्हता. कडा मऊ होत्या आणि बघता बघता एक कड जराशी सरकली. थांबली. परत सरकली.

ओल मोजायचं यंत्र लावलं. बाकी भिंतीला थोडी ओल, जुन्या घराला असते तेवढी. पण डागाच्या जागी कोरडी ठणठणीत!

मग कान लावला.

आतून आवाज येत होता. अख्खं गाव लांब कुठंतरी एका सुरात बोलतंय असा. थांबत नव्हता. दाताच्या मुळापर्यंत जाणवला. मी त्या खुर्चीत बसून परत कान लावला.

मधमाश्या. दुहेरी भिंतीतल्या वीतभर पोकळीत. बाहेर जाऊन पाहिलं, तर छपराचा वासा भिंतीत शिरतो तिथं बोटभर फट, कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. सोमवारी थंडीमुळे एकही उडत नव्हती, म्हणून नजरेला आली नाही.

वळले तर आजोबा दारात.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"अकरा."

"मग पाइप का सांगितलात?"

ते पायरीवर बसले. म्हणाले, "सवय हो. अकरा वर्षं तेच सांगत आलोय."

बायकोला सांगत आले. तिच्या पाठीचं दुखणं जुनं. थंडीत रात्र रात्र झोप नाही. एका हिवाळ्यात तिला ही भिंत सापडली. तिथं पाठ टेकून बसली की कळ थांबायची. भिंत का गरम ते यांनी शोधलं आणि यांचीच पाचावर धारण बसली, कारण तिला माशी म्हटलं की घाम फुटायचा. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हा एक माशी केसात अडकली, तर बाई साडी सावरत अर्धा मैल पळाली होती!

"खरं सांगितलं असतं तर तिनं खोलीत पाय ठेवला नसता. म्हणून म्हटलं, पाइप आहे."

"आणि त्यांना पटलं?"

"चाळीस वर्षं नळ जोडले मी. माझं नाही पटणार तर कुणाचं?"

गेल्या वर्षी त्या गेल्या. खुर्ची तिथंच आहे.

मग हात जोडले त्यांनी. "लिहू नका. लिहिलंत की हे लोक औषध मारतील. तिची पाठ शेकली हो त्यांनी दहा वर्षं."

'लिहू नका' मी शंभर वेळा ऐकलंय. ठेकेदारांकडून, दलालांकडून, एकदा तर एका नगरसेवकाच्या मेव्हण्याकडून. कधी जड गेलं नाही. आज गेलं.

१३ फेब्रुवारी

रिपोर्ट लिहायला बसले. छप्पर, पाया, वायरिंग, नळ, सगळं झालं. 'मागची खोली' एवढं लिहून उठले.

१४ फेब्रुवारी

बँकवालीला फोन केला. घरात कुणाला दमा, ॲलर्जी? हा प्रश्न मी एरवीही विचारते, पण आज उत्तर नकोसं वाटत होतं. ती म्हणाली, "मुलीला आहे ना. सहा वर्षांची आहे. गेल्या वर्षी मधमाशी चावली. एकच! तोंड सुजलं, श्वास लागेना. दोन दिवस दवाखान्यात होती."

म्हणजे प्रश्नच मिटला. लिहायचंच.

पण आधी आजोबांकडे गेले. माझ्या बाजूचे नसले तरी रिपोर्ट वाचून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं. बँकवालीच्या मुलीचं सांगितलं. ते म्हणाले, "लहान आहे ना?"

"सहा."

"मग लिहा. लिहायलाच हवं." आणि थोड्या वेळानं, "माझ्याच्यानं त्यांना मारवणार नाही, एवढंच."

"मारायचं कुणी म्हटलंय? हलवता येतात. मी माणूस शोधते."

शब्द देऊन बसले. असा माणूस कुठं मिळतो, याचा पत्ता नाही!

१७ फेब्रुवारी

मिळाला! एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळतो, सुट्टीच्या दिवशी माश्या हलवतो. मधपाळ. किडकिडीत माणूस, बोलतो इतकं हळू की कान द्यावा लागतो. भिंतीला कान लावून डोळे मिटून उभा राहिला. आजोबा आणि मी श्वास रोखून, डॉक्टरच्या खोलीत नातेवाईक उभे राहतात तसे.

म्हणाला, "राणी चांगली आहे. शांत आहेत. थंडी सरू द्या, मग काढू."

आत तापमान किती, विचारलं. पिल्लांपाशी चौतीस-पस्तीस. बाहेर बर्फ असो नाहीतर ऊन. पंखांचे स्नायू नुसते थरथरवून ऊब करतात. गरम झालं तर पाणी आणून शिंपडतात आणि पंख्यासारखा वारा घालतात.

मी काल एका नव्या इमारतीत सहा लाखांची वातानुकूलन यंत्रणा तपासली. तीन अंशांचा फरक होता, कंपनीचा माणूस म्हणाला एवढं चालतं.

२१ फेब्रुवारी

बँकवालीनं रिपोर्ट वाचला. "दुसरं कुणी हे लिहिलंच नसतं," म्हणाली. माश्या निघाल्या आणि भिंत नीट झाली की घर घेणार. मला वाटलं होतं पळतील.

७ मार्च, शनिवार

हा दिवस मला विसरायचा नाही.

सकाळी दहाला सुरुवात. खोलीची दारं-खिडक्या बंद. मधपाळ, मी आणि आजोबा, तिघांच्या तोंडावर जाळ्या. आजोबांना बाहेर थांबा म्हटलं होतं. ऐकतायत कुठले! "माझी भिंत आहे. छिन्नी मीच धरणार." आणि धरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात, पण प्लास्टर असं अलगद सोडवलं, जणू दूध तापल्यावरची साय काढतोय. मग एक वीट. दुसरी. धूर थोडासा. आवाज वाढला, परत खाली आला.

दहावी वीट निघाली आणि मला पुढचं दिसलं.

कशी सांगू? पोळ्यांच्या सात लांबच लांब पाती, शेजारी शेजारी, छतापासून माझ्या कमरेपर्यंत लोंबत. वरची जुनी, काळपट तपकिरी. खालची नवी, पांढरी, उजेड आरपार जाईल अशी. दोन पात्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. मी पट्टी लावून पाहिलं. सवयच ती! फरक शोधत होते. सापडला नाही. ओळंबा नाही, दोरी नाही, अंधारात, हजारोंनी मिळून. आणि त्या सगळ्यावर माश्यांचा जिवंत पडदा. एक लाट वरून खाली जाई, सगळ्यांचे पंख एकदम चमकत आणि विझत.

आजोबांच्या हातातली छिन्नी तशीच.

मधपाळानं एक एक पातं सुरीनं सोडवून लाकडी चौकटीत बांधलं आणि पेटीत ठेवलं. बाळाचे कपडे बदलावेत तसा हात. तळाशी एक काळा, गुळगुळीत गोळा होता, मुठीएवढा. मला वाटलं दगड.

"उंदीर," तो म्हणाला. "आत शिरला असेल. मारला, पण ओढून बाहेर काढणार कसा? मग झाडांची राळ आणली आणि वरून मढवून टाकला. वास नाही, कीड नाही."

मी तो हातात घेतला. शेपटीचा आकारसुद्धा दिसत होता!

बाहेरच्या भिंतीला आतून एक तडा होता, चांगला हातभर. पाणी तिथूनच यायला हवं होतं. अख्खा तडा त्याच राळेनं बुजवलेला, टोकापासून टोकापर्यंत. म्हणून ती जागा कोरडी! सत्तावीस वर्षांत इतकं स्वच्छ काम मी एकदाच पाहिलं होतं, ते याच घरातल्या नळांचं. आजोबांना तसं म्हटलं. ते जाळीच्या आतून म्हणाले, "माझे सांधे गळलेत कधीमधी. यांचं बघा."

राणी शेवटच्या आधीच्या पात्यावर सापडली. लांब, संथ, भोवती माश्या तोंड तिच्याकडे करून. मधपाळानं तिला पेटीत सोडलं आणि पेटी बाहेर नेऊन फटीखाली ठेवली, मध्ये फळी टेकवली. मग म्हणाला, आता काही करायचं नाही. बघा.

पेटीच्या दारात थोड्या माश्या उभ्या राहिल्या. शेपूट वर, पंख सुरू. 'इथं आहे, या' असा वास पसरवतात म्हणे. आणि राहिलेल्या माश्या भिंतीतून निघाल्या. उडाल्या कमी, चालल्याच जास्त. विटांवरून, फळीवरून, पेटीच्या दारात. रांगच्या रांग, ढकलाढकली नाही. दीड तास चालल्या. आम्ही तिघं जमिनीवर बसून बघत होतो.

बँकवाली आणि नवरा गाडीत, मागच्या रस्त्याच्या पलीकडे. काचा घट्ट वर. मुलीचं नाक काचेला चिकटून चपटं झालेलं. ती हात हलवत होती. आम्हाला नाही, त्यांना!

अंधार पडायला पेटी बंद केली. गाडीत ठेवताना आजोबांनी तिच्यावर हात ठेवला. "ऊब लागते," म्हणाले.

८ मार्च

नऊ तास झोपले. उठून मोरीतला नळ दुरुस्त केला. आमचे हे दारात उभे, तोंडाचा चंबू.

१९ मार्च

कागदपत्रं झाली. फट बंद, तडा सिमेंटनं भरला, वर नवं प्लास्टर. मी शेवटची तपासणी केली. सगळं नियमात.

आजोबा सामान आवरत होते. भिंतीला तळहात लावून उभे राहिले. "गार पडली," एवढंच म्हणाले. मग मला विचारलं, "मी तिच्याशी खोटं बोललो दहा वर्षं. तुमच्या रिपोर्टात याला काय म्हणतात?"

मी म्हटलं, "दोष नाही म्हणत, आजोबा."

२२ मार्च, रविवार

आजोबांच्या मुलीचा फोन. रिपोर्टमधला तो निळा-नारिंगी फोटो तिला मोठा करून हवाय. देते म्हटलं आणि बोलून गेले, बरं झालं, तुमच्या आईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

ती हसायला लागली. "आईला? अहो, आईनंच मला त्या माश्या ऐकवल्या होत्या! बाबा बाजारात गेले की ती खुर्ची फिरवून भिंतीला कान लावून बसायची. म्हणायची, 'तुझ्या बाबांना जन्मात धड खोटं बोलता आलं नाही. हे एक जमलंय, तेही माझ्यासाठी. मोडू नकोस हं.'"